खगोल शून्यापासून शिकायचं आहे, कोणती दुर्बीण घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चोपड्याकडे गाव, हाताशी पंधरा हजार, नक्षत्रांची नावं पंचांगामुळे पाठ, पण आकाशात एकही ओळखू येत नाही. जूनमध्ये मृग लागला म्हणून रात्री मृग शोधला, तर तो कुठेच दिसला नाही. आता दुर्बीण कोणती घ्यावी?

दुर्बिणीकडे शेवटी येतो. आधी मृग का दिसला नाही ते बघू, कारण बाकीचं बरंच त्यावर उभं आहे.

7-8 जूनला ‘मृग लागला’ म्हणतात तेव्हा सूर्य मृग नक्षत्रात शिरलेला असतो. म्हणजे त्या दिवसांत मृग सूर्याच्या जोडीने उगवतो आणि त्याच्या जोडीनेच मावळतो. दिवसभर तो डोक्यावरच असतो, फक्त उजेडात बुडालेला. रोहिणी, आर्द्रा यांचंही तसंच. सूर्य एका नक्षत्रात साधारण साडेतेरा दिवस असतो, सत्तावीस नक्षत्रं फिरला की वर्ष झालं. सहा महिन्यांनी, डिसेंबरच्या मध्याला, सूर्य बरोबर विरुद्ध बाजूला पोचतो आणि मग इकडे दिवस मावळला की तिकडे पूर्वेला मृग उगवतो. थोडक्यात, पेरणीची नक्षत्रं बघायची ती गहू-हरभऱ्याच्या दिवसांत.

जानेवारीच्या मध्याला रात्री आठला आग्नेयेकडे तोंड करून उभे राहा. चार ठळक ताऱ्यांचा लांबट चौकोन म्हणजे मृगाचे चार पाय, आणि मधोमध जवळजवळ, एका रेषेत तीन तारे म्हणजे त्याला लागलेला बाण. अशी तीन ताऱ्यांची सरळ ओळ आकाशात दुसरी नाही, त्यामुळे चूक होत नाही. बाणाची रेष खाली वाढवली की व्याध लागतो, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. तीच रेष वर वाढवली की तांबूस रोहिणी आणि तिच्याही पुढे कृत्तिकांचा पुंजका. चौकोनातला एक तारा लालसर आहे, तो काक्षी. पंचांगातली आर्द्रा तीच. तिरक्या समोरचा निळसर-पांढरा तो राजन्य. पहिल्या रात्री एवढंच पुरे. दुसऱ्या दिवशी हेच तारे चार मिनिटं आधी त्याच जागी येतात, महिन्याने दोन तास आधी. हा चार मिनिटांचा हिशेब डोक्यात नसला की ‘मागच्या महिन्यात इथेच होता, आता कुठे गेला’ असा गोंधळ होतो.

दिशा पक्की करायला मोबाइलचं होकायंत्र वापराल तर पत्र्याच्या छपरापासून, पाण्याच्या टाकीपासून आणि स्लॅबमधून डोकावणाऱ्या सळ्यांपासून लांब जा. लोखंडाजवळ ते सर्रास चुकतं. त्यापेक्षा ध्रुव बरा. आकाशात अंतर मोजायला हात पुरतो: हात पूर्ण ताणला की करंगळीची रुंदी सुमारे 1 अंश, मूठ 10 अंश, वीत 20 अंशांच्या आसपास. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची ही त्या गावच्या अक्षांशाइतकीच असते. आपला खानदेश 21 अंशांच्या आगेमागे, म्हणून उत्तरेला बरोबर एक वीत वर बघायचं. तुमच्याकडून उत्तरेला सातपुडा आहे, तेव्हा वीत डोंगरमाथ्यापासून मोजू नका, डोळ्याच्या पातळीपासून मोजा. आणि ध्रुव सगळ्यात तेजस्वी असतो हा समज सोडून द्या. तो दुसऱ्या प्रतीचा, साधासा तारा आहे. ‘एवढा फिका ध्रुव कसा असेल’ म्हणून बरेच जण तो सापडूनही सोडून देतात.

सप्तर्षींवरून ध्रुव काढायचा तर पुलह ते क्रतू (चौकोनातले, शेपटीपासून लांबच्या बाजूचे दोन तारे) ही रेष पाचपट वाढवायची. पण इथे एक फसगत आहे. उत्तरेकडच्या देशांत लिहिलेली पुस्तकं सांगतात की सप्तर्षी कधी मावळत नाहीत. तिकडे ते खरं आहे, 21 अंशांवर नाही. खानदेशातून ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात. तेव्हा उत्तरेकडे शर्मिष्ठा या तारकासमूहाचा, इंग्रजी एमसारखा आकार शोधा. सप्तर्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून संध्याकाळी सापडतात. या अक्षांशाचा फायदाही आहे: फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला, क्षितिजापासून दीड मूठ वर अगस्त्य ठळक दिसतो. युरोपातल्या बहुतेक ठिकाणांहून तो दिसतच नाही.

कॅलेंडरवरची तिथी बघितल्याशिवाय बेत ठरवू नका. तारे बघायचे तर वद्य षष्ठी ते शुद्ध तृतीया या दिवसांतल्या संध्याकाळी धरा. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, वद्य अष्टमीला तो मध्यरात्रीच्या सुमारास येतो. कोजागरीला दूध आटवावं, तारे बघायला जाऊ नये. चंद्रच बघायचा असेल तरी पौर्णिमा टाळा. समोरून पडलेल्या उजेडात विवरांच्या सावल्याच पडत नाहीत. शुद्ध षष्ठी ते नवमी, उजेड-अंधाराच्या सीमेवर खड्डे उठून दिसतात. मराठी महिन्यांची नावंही याच हिशेबातली: पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांपाशी तो कार्तिक, मघांपाशी तो माघ, चित्रेपाशी तो चैत्र.

जागा? घराचं धाबं चालेल, फक्त रस्त्याचा दिवा थेट डोळ्यात यायला नको. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा पडदा एकदा उघडला की ती मेहनत वाया. बॅटरीच्या काचेवर पतंगाचा लाल कागद दोन पदरी बांधा. स्टेलॅरियम हे फुकटचं ॲप उपयोगी आहे, पण ते घरात बघून चित्र लक्षात ठेवा आणि मग बाहेर पडा. रात्रीच्या विजेवर केळीला पाणी द्यायला जातच असाल तर अंधार आयता आहे. तिथे दव मात्र फार पडतं आणि पायाखाली जनावर असू शकतं, म्हणून बूट आणि सोबत हवीच. पायथ्याकडच्या शेतात बिबट्याचाही विचार करा.

आता दुर्बीण. पहिली दुर्बीण दोन डोळ्यांचीच घ्या, 10×50 किंवा 7×50. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. तुमच्या रकमेत चांगली बसते. झूमवाली, लाल चकाकणाऱ्या काचेची किंवा ‘100 पट’ लिहिलेली घेऊ नका. दहा पटीच्या वर हात थरथरतो आणि तारा नाचतो. दहा पटीलाही खाटेवर उताणं पडून किंवा भिंतीला कोपर टेकवूनच बघायचं. दव पडलं तर उपरण्याने भिंग पुसू नका, धुळीने ओरखडे पडतात; झाकण न लावता घरात आपोआप वाळू द्या.

तिच्यातून गुरूचे चार चंद्र ठिपक्यांसारखे दिसतील, कृत्तिकांत डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात तिथे डझनांनी दिसतील, मृगाच्या बाणाखालचा तेजोमेघ (वायू आणि धुळीचा ढग) धुरकट दिसेल. देवयानी तारकासमूहातली दीर्घिका (अब्जावधी ताऱ्यांचा समूह) म्हणजे फक्त एक फिकट डाग असेल. फोटोतले रंग डोळ्याला कधीच दिसत नाहीत. पण तो डाग सुमारे 25 लाख प्रकाशवर्षं लांब आहे. शनीची कडी 10×50 मधून सुटी दिसत नाहीत, त्याला 25-30 पट तरी लागतात. आणि सूर्याकडे दुर्बीण कधीही नाही, क्षणभरही नाही. डोळा कायमचा जाऊ शकतो.

सूर्याचा एक प्रयोग मात्र दुर्बिणीविना होतो. 24 ते 28 मेच्या दरम्यान, दुपारी 12 वाजून 25 मिनिटांच्या आगेमागे, सपाट फरशीवर पाइपाचा तुकडा ओळंब्यात उभा करा. तुमच्याकडे 26-27 तारखेला त्याची सावली पायातच गडप होईल. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत म्हणून हे घडतं. जुलैच्या मध्यानंतर पुन्हा घडतं, पण तेव्हा ढग असतात. त्याच मे महिन्यात रात्री सप्तर्षींच्या शेपटीची कमान पुढे नेली की स्वाती, तिच्यापुढे चित्रा. अकरानंतर आग्नेयेला आख्खा वृश्चिक, नांगीसकट. धूळ आणि तापलेली हवा यांमुळे क्षितिजाजवळचं आकाश तेव्हा गढूळ असतं, तेवढं धरून चाला.

दुकानातून दुर्बीण उचलण्याआधी लांबच्या विजेच्या खांबाकडे दोन्ही डोळ्यांनी मिनिटभर बघा. खांब दोन दिसले, किंवा एकच दिसला पण डोकं जड झालं, तर दुर्बिणीच्या दोन नळ्या एकमेकींशी जुळलेल्या नाहीत. ती दुरुस्त करत बसू नका, दुसरी मागा. मोठ्या टेलिस्कोपचा विचार वर्षाने करा. तेव्हाही खोक्यावरची ‘675 पट’ बघू नका. भिंगाच्या किंवा आरशाच्या मिलिमीटरच्या दुपटीपेक्षा जास्त पट कामाची नसते, म्हणजे 60 मिलिमीटरला 120, तीही हवा स्थिर असली तर. काडीसारख्या तिपाईवरच्या छोट्या टेलिस्कोपपेक्षा साध्या लाकडी बैठकीवरचा सहा इंची आरशाचा टेलिस्कोप, म्हणजे डॉबसोनियन, केव्हाही बरा.