मुलगी ट्रक चालवते म्हणे!

मेलबर्नच्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. चार पानी आहे, त्यातला गाभा तेवढा देते.

“आमची लेक चोवीस वर्षांची. अकाउंटिंगची पदवी घेतली, दीड वर्ष ऑफिसात काढलं आणि आता म्हणते मोठी गाडी चालवायचीय. थायलंडची एक तरुण मुलगी परदेशात ट्रक चालवून नाव आणि पैसा दोन्ही कमावते, तिची गोष्ट हिनं घरच्या ग्रुपवर टाकली. धाकट्या जाऊबाईंनी टाळ्या पाठवल्या. नणंदेनं लिहिलं, ‘बाई गं, रात्रीची एकटी?’ पुण्याहून भाऊजींनी विचारलं, ‘महिन्याला हातात किती पडतात?’ हे म्हणतात, चालवू दे. मला मात्र रात्र रात्र झोप नाही. आम्ही तिच्यासाठी स्थळं बघतोय हो. त्यांना काय सांगायचं?”

ताई, तुमच्या घरच्या तिन्ही प्रतिक्रिया वाचून मला हसू आलं. त्या मुलीच्या देशातही हेच तीन सूर लागतात.

थायलंडच्या ईशान्येला इसान म्हणून भाग आहे. भातशेतीचा आणि कोरडवाहू. परदेशी कामाला जाणारी माणसं सगळ्यांत जास्त याच भागातली. तिकडे कमावत्या मुलीचं कौतुक करताना एक शब्द हमखास येतो, ‘कतन्यू’. पालीतून गेलेला आपलाच ‘कृतज्ञ’. आईबापांना घर बांधून दिलं, धाकट्याची फी भरली की मुलगी कतन्यू. हा जाऊबाईंचा सूर. दुसरा सूर संशयाचा. परदेशात एखादी थाई बाई बरं खाऊन-पिऊन दिसली की ती ‘मिआ फरांग’, म्हणजे गोऱ्याची बायको, असणार हे लोक आधीच धरून चालतात. तिनं स्वतः बारा-बारा तास राबून पैसे जोडले असतील हे नंतर, कुणी पटवून दिलं तर. तिसरा सूर भाऊजींचा. किती मिळतात आणि मला कसं जाता येईल? २०२१ च्या मे महिन्यात ‘चला, दुसऱ्या देशात राहायला जाऊया’ अशा अर्थाच्या नावाचा एक थाई फेसबुक गट निघाला आणि काही दिवसांतच त्याची सभासदसंख्या दहा लाखांच्या घरात गेली. कोविडनं आणि राजकारणानं वैतागलेली तरुण मंडळी होती ती. अशांना परदेशात ट्रक चालवणारी आपल्या गावची मुलगी दिसली तर पगार विचारणारच.

मला खटकतं ते वेगळंच. टाळ्या वाजवणारे, नावं ठेवणारे आणि पगार विचारणारे, यांतल्या एकालाही तिच्याकडे कुठलं लायसन्स आहे, रात्री ती झोपते कुठे, लोडिंगला तीन तास खोळंबली तर त्या तीन तासांचे पैसे मिळतात का, हे विचारावंसं वाटत नाही. ताई, तुमच्या चार पानांतही यातलं काही नाही. राग मानू नका.

मागच्या जुलैत, म्हणजे आपल्या इथल्या ऐन थंडीत, मेलबर्न-सिडनी रस्त्यावरच्या, म्हणजे ह्यूम हायवेवरच्या, एका ट्रकथांब्यावर मी अशाच एका मुलीला भेटले. ओळखीतलीच, मूळची नगरची. बी-डबल चालवते. एका इंजिनामागे दोन ट्रेलर, २६ मीटर लांबी, भरल्यावर साठ टनांच्या वर वजन. तिच्या कंपनीत बाहेरच्या माणसाला गाडीत फिरवायला परवानगी नाही, म्हणून उभ्या गाडीतच मला वर चढवलं. वर म्हणजे खरंच वर. तीन पायऱ्या चढताना माझ्या गुडघ्यांनी तक्रार केली. आत सीटमागे पलंग, त्यावर सोलापुरी चादर, डॅशबोर्डावर एवढासा गणपती आणि लोणच्याची बरणी. बरणी पडू नये म्हणून तिला मोज्यात घातलेलं!

खाली उतरून तिनं मला ट्रेलर जोडल्यावर काय करतात ते दाखवलं. लाल-निळ्या हवेच्या नळ्या लावायच्या, दिव्यांची वायर लावायची, ट्रेलरचे पाय हँडल फिरवून वर घ्यायचे. ट्रेलरचे ब्रेक लावलेलेच ठेवून गाडी हलकेच पुढे ओढून बघायची, जोड नीट बसलाय की नाही ते कळतं. मग टॉर्च घेऊन सगळ्या चाकांभोवती एक फेरी. हे सगळं तिनं दोन अंश थंडीत, हातमोजे घालून, बडबड न करता केलं. घरी चहाचा कप उचलून ठेवायचीही नाही ही मुलगी, तिच्या आईनं मला शंभरदा सांगितलंय.

मग तिनं डायरी काढली. इथे बारा टनांवरच्या गाडीच्या ड्रायव्हरला आपल्या तळापासून शंभर किलोमीटरच्या बाहेर जायचं तर कामाची आणि विश्रांतीची नोंद ठेवावीच लागते. पंधरा-पंधरा मिनिटांच्या हिशेबानं. नेहमीच्या नियमानं साडेपाच तासांत सव्वापाच तासांपेक्षा जास्त काम नाही, चोवीस तासांत बारा तासांपेक्षा जास्त नाही आणि सलग सात तास गाडी उभी ठेवून विश्रांती. पश्चिम ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरीचे नियम निराळे आहेत. बाकी ठिकाणी हेच. “काकू,” ती म्हणाली, “नवीन मुलांना पहिला त्रास होतो तो इथेच. कुणीतरी म्हणतं, लिही की झोपलो होतो म्हणून. ज्यानं एकदा लिहिलं तो पुढे लिहीतच जातो.”

म्हणून तुमच्या लेकीला पहिला प्रश्न हा विचारा, की ज्याच्याकडे काम करणार तो डायरीबद्दल काय बोलतो? ‘ते आम्ही बघून घेऊ’ असं म्हणाला तर तिथून उठून यायचं.

कॅनडातल्या वाचकांना हे अधिक सांगायला नको. ६ एप्रिल २०१८ ला सस्कॅचेवानमध्ये हम्बोल्टच्या तरुण हॉकी खेळाडूंची बस एका ट्रकवर आदळली. सोळा जण गेले. तो ट्रकड्रायव्हर भारतातून आलेला तरुण होता आणि त्याचं ट्रकचं प्रशिक्षण जेमतेम काही आठवड्यांचं होतं. त्यानंतर बऱ्याच प्रांतांनी किमान प्रशिक्षण सक्तीचं केलं. ओंटारिओत ते २०१७ पासूनच होतं, १०३.५ तासांचं. ‘आठवड्यात लायसन्स काढून देतो’ म्हणणारा शिकवणारा तुमच्या मुलांचं भलं करत नाहीये, मग तो आपल्या मंडळातला असो नाहीतर गावाकडचा.

इथे ऑस्ट्रेलियात घाई करायची म्हटली तरी फारशी करता येत नाही. कारचं लायसन्स दोन वर्षं हातात असेल तर ‘हेवी रिजिड’चं मिळतं, म्हणजे आपल्याकडच्या बारा चाकी ट्रकसारखी एकसंध गाडी. ते वर्षभर चालवलं की ट्रेलरची गाडी, मग बी-डबल आणि रोडट्रेन, म्हणजे त्याहून लांब, ट्रेलरांची माळ लावलेली गाडी. ताई, म्हणजे तुमची लेक उद्या सकाळी नलारबॉरचं ओसाड माळरान ओलांडायला निघत नाहीये. पहिलं वर्ष ती बहुधा शहरातच, सुपरमार्केटांचा नाहीतर बांधकामाचा माल टाकत फिरेल आणि संध्याकाळी घरी जेवायला असेल. वर्षभरात नाद उतरला तर उतरला. अकाउंटिंगची पदवी कुठे पळून जात नाही.

पगाराचं भाऊजींना मी काय सांगू? आकड्यापेक्षा तो मोजतात कसा हे विचारायला सांगा. लांब पल्ल्याला पैसे किलोमीटरवर मिळतात किंवा तासावर. किलोमीटरवर असतील तर लोडिंग-अनलोडिंगचे वेगळे मिळतात का ते कागदावर हवं. आणि ‘पगारावर घेत नाही, तू एबीएन (धंद्याचा नोंदणी क्रमांक) काढ आणि बिल दे’ हे ऐकलं की कान टवकारायचे. गाडी त्यांची, वेळ त्यांची, हुकूम त्यांचा आणि मुलगी म्हणे स्वतंत्र व्यावसायिक! सुट्टी नाही, सुपर (निवृत्तीचा फंड) नाही, दुखापत झाली तर कुणी वाली नाही. नोकराला असं कंत्राटदार दाखवणं इथे बेकायदा आहे. कॅनडात याच प्रकाराला ‘ड्रायव्हर इंक’ म्हणतात आणि ब्रॅम्प्टनकडच्या वाचकांनी तो जवळून पाहिला असेल. मी स्वतः या देशात आल्यावर एका स्वयंपाकघरात आठ महिने पगारपावतीशिवाय राबले आहे. मालक आपलीच भाषा बोलणारा होता. दुखतं ते त्यामुळे जास्त.

आता नणंदबाईंचा प्रश्न, रात्रीची एकटी? तो वेडगळ नाही. हायवेवरच्या सगळ्या थांब्यांवर बायकांसाठी नीट संडास-न्हाणी नसते. खाणींच्या कामात तर प्रकरण मोठं होतं. पश्चिम ऑस्ट्रेलियात विमानानं जाऊन-येऊन खाणीत काम करणाऱ्या बायकांच्या लैंगिक छळाची तिथल्या विधिमंडळानं चौकशी केली आणि जून २०२२ मध्ये ‘इनफ इज इनफ’ या नावानं अहवाल दिला. तो वाचवत नाही. पण त्यातून कंपनीला काय विचारायचं ते कळतं. तक्रार कुणाकडे करायची, तो माणूस साहेबाचाच दोस्त आहे का, खोलीच्या दाराला कुलूप कसलं, अजून बायका किती आहेत? मुलाखतीला जाताना मुलीला हे विचारायला शिकवा. ‘जाऊ नकोस’ म्हणण्यापेक्षा हे कामाचं आहे.

व्हिसावर आलेल्या मुलांच्या आईवडिलांसाठी थोडं. (ताई, तुम्ही नागरिक आहात, हा भाग सोडून द्या.) त्या थाई मुलीचं बघून नाशिक-कोल्हापूरची पोरं मला विचारतात, ट्रकवर ऑस्ट्रेलियाचा पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, होतो का? ट्रकचालक हा व्यवसाय नेहमीच्या कुशल कामगारांच्या यादीत नाही. काही भागांपुरते वेगळे करार असतात, ते त्या त्या मालकामार्फत. थायलंडच्या तरुणांना फिरता-फिरता काम करण्याचा ४६२ क्रमांकाचा व्हिसा बऱ्याच आधीपासून मिळतो. भारतीयांना तो २०२४ पासून खुला झाला, वर्षाला १,००० जागा, १८ ते ३० वयाच्या मुलांना आणि तोही सोडत काढून. एका मालकाकडे साधारणपणे सहाच महिने राहता येतं. विद्यार्थी व्हिसावर कॉलेज चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे, ती लांब पल्ल्याच्या चार खेपांत संपते. अमेरिकेनं तर ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रकचालकांना कामाचे व्हिसा देणं थांबवल्याचं जाहीर केलं. तेव्हा ‘ट्रकवर परदेश’ म्हणून लाखांत पैसे मागणाऱ्या एजंटला दारातूनच नमस्कार.

स्थळांचं राहिलं. ताई, साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ मध्ये रेल्वेत सहायक चालक झाल्या. २०११ च्या महिला दिनी त्यांनी डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला नेली, २०२३ मध्ये सोलापूरहून वंदे भारत आणली आणि २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. संसार, मुलं सगळं करून. मूळच्या नंदुरबारच्या योगिता रघुवंशी वाणिज्य आणि कायद्याच्या पदवीधर आहेत. नवरा गेल्यावर, ठेवलेल्या ड्रायव्हरच्या भरवशावर धंदा चालेना तेव्हा त्या स्वतः ट्रकच्या स्टिअरिंगवर बसल्या आणि देशभर माल वाहिला. आपण यांची छायाचित्रं आठ मार्चला एकमेकींना पाठवतो. आणि घरातली मुलगी तेच करायला निघाली की स्थळांपासून लपवायचं?

लपवू नका. पहिल्याच फोनवर सांगा. ‘अकाउंट्समध्ये आहे’ असं गुळमुळीत सांगून जमवलेलं लग्न पहिल्या नाइट शिफ्टला उघडं पडेल. ऐकल्यावर समोरच्या बाई गप्प झाल्या तर होऊ द्या, तुमचा दुसऱ्या फोनचा खर्च वाचला. एक मात्र पाळा, तिच्या पगाराचा आकडा ग्रुपवर टाकून जाऊबाईंना उत्तर देऊ नका. टाळ्यांनीही मुली दबतात. महिन्याभरात काम झेपत नाही असं वाटलं तर सोडून द्यायची मोकळीक तिला हवी, आणि तोवर तुम्ही सगळ्या मराठी मंडळाला पेढे वाटून ठेवले असतील तर ती सोडणार कशी?

तुमच्या झोपेबद्दल. ती पहाटे तीनला निघाली की तुम्ही चारला फोन लावणार, हे मला माहीत आहे. लावू नका. गाडी चालवताना फोन हातात घेणं गुन्हा आहे आणि घेतला नाही तरी तो वाजत राहिला की जीव उडतो. निरोप टाकून ठेवा. ती थांबली, डायरीत विश्रांती लिहिली की उत्तर देईल. दुपारी तिचे ते सात तास चालू असतील तेव्हाही नको, झोपलेली असते. आणि डब्यात रस्साभाजी देऊ नका, नगरच्या पोरीनं एकदा सीटवरून आठवडाभर पुसली. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी द्या.