कूस बदलताना येणारी कळ: सुरुवातीला एवढे सांभाळा

ताई, गरोदरपणात कूस बदलताना जांघेत उठणारी ही कळ मी दुसऱ्या खेपेस सातव्या महिन्यापासून सोसली आहे. ती कटिराच्या, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या सांगाड्याच्या, सांध्यांची असून तिने बाळाला अपाय होत नाही, हे आधी मनाशी पक्के करा.

एका पायावर भार देणे टाळा: सलवार पलंगावर बसूनच घाला, जिना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढा. कूस बदलताना गुडघे जुळवून ठेवा; मी गुडघ्यांमध्ये उशी घेऊ लागले, तेव्हा कुठे रात्रीची झोप लागली.

नवख्या बायका दुखणे अंगावर काढून मांडी घालून भाजी निवडत बसतात, नाहीतर एकदम अंथरूणच धरतात, दोन्ही चुकीचे. कमरेला आधार देणाऱ्या पट्ट्याचा विचार नंतर, आधी फिजिओथेरपिस्टना दाखवा. रक्तस्राव, ताप, लघवीला जळजळ किंवा बाळाची हालचाल मंदावल्यास मात्र लगेच डॉक्टरांकडे जा.