आधी निशाण बघ

प्रिय पोरा,

जहाजावरच्या नोकरीसाठी बेलापूरच्या एजंटला उद्या हो-नाही सांगायचंय, आई म्हणते मिळतंय ते घे, आणि तुझ्या एवढ्या लांब मेसेजमध्ये पगार तीनदा आला. निशाणाबद्दल एकच ओळ: ‘फोटोत तिरंगा दिसतोय काका, म्हणजे इंडियनच असेल.’

कपाळ माझं! तो तिरंगा पुढच्या डोलकाठीवर, उजव्या बाजूला आहे. आपल्या बंदरात आलेलं परकं जहाज यजमानाचा मान म्हणून तो लावतं. आपल्या व्यापारी जहाजाचं निशाण लाल, वरच्या कोपऱ्यात तिरंगा, आणि ते असतं मागे, स्टर्नला. फोटो मोठा करून पाहिला. मागचं कापड धुराने इतकं काळवंडलंय की देश ओळखू येत नाही. एजंटने तो सांगितला नाही आणि तू विचारला नाहीस.

अरे, भर समुद्रात तुझ्या पायाखालच्या पत्र्यावर कायदा त्याच देशाचा. 1982 च्या समुद्री कायद्याच्या करारात स्वच्छ लिहिलंय: जहाजाला निशाण एकच, आणि खुल्या समुद्रात अंमल त्याचाच. अपघाताची चौकशी त्याने करायची, पगार अडकला तर आधी दार वाजवायचं तेही त्याचंच. म्हणून आधी निशाण बघ.

तिरंगाच हवा असं मी म्हणत नाहीये. लायबेरिया, मार्शल आयलंड्स ही सोयीचीच निशाणं, म्हणजे मालक दुसऱ्या देशाचा असला तरी नोंदणी देणारी, कारभार चालतो अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून, तरी कागद चोख. मीही बरीच वर्षं त्यांच्याखालीच काढली. परकं की आपलं हा प्रश्नच नाही. त्या कापडामागे कोणी उभं आहे का? हल्ली तर त्या देशाला पत्ता नसतो आणि भलताच कोणीतरी त्याच्या नावाने रजिस्ट्रेशन विकत असतो. असं जहाज बेवारस. कुठल्याही देशाची युद्धनौका त्यावर चढून कागद तपासू शकते.

स्टर्नवर नाव आणि त्याखाली नोंदणीचं बंदर असतं. जहाज विकलं की दोन्ही बदलतात, पण जुन्या अक्षरांची वेल्डिंग नीट घासलेली नसते. सकाळच्या तिरप्या उन्हात धक्क्यावर उभा राहा, नव्या रंगाखालून जुनं बंदर वाचता येतं. न बदलणारी गोष्ट एकच, जहाजाचा सात आकडी आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, आयएमओ नंबर. तो जहाज मोडीत निघेपर्यंत तोच. इक्वासिस या जहाजांच्या माहितीच्या वेबसाइटवर फुकट खातं उघड आणि तो नंबर टाक. आधीची नावं, आधीची निशाणं, कुठल्या बंदरात अडकवलं होतं, सगळं समोर येतं. वर्षा-दोन वर्षांत निशाण बदलत आलेलं दिसलं तर पुढे बोलूच नकोस.

मी सेकंड ऑफिसर असताना असंच एक जहाज नाकारलं. घरी बसलो, घर बायकोच्या पगारावर चाललं. माझ्या जागी गेलेला बॅचमेट माझ्या कितीतरी आधी कॅप्टन झाला. जहाजाला काही झालं नाही, पगारही वेळेवर आला. लग्नाकार्यात भेटला की अजून डिवचतो. डिवचू दे. सुखरूप परत आला म्हणून मी मूर्ख ठरत नाही. मशीन बंद पडून मालक पळाला असता तर कोणाचं दार वाजवलं असतंस, हे मी त्याला दर वेळी विचारतो आणि तो विषय बदलतो. कॅप्टनच्या चार पट्ट्या उशिरा आल्या याची हळहळ वाटते, नाही कशाला म्हणू? तरी आज विचारलं तरी नाहीच म्हणेन.

आता कामाचं. दोन महिने पगार थकला की एमएलसीच्या, म्हणजे खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियमाने मालकाने खलाशाला वाऱ्यावर सोडलं असं धरतात. मग परतीचं तिकीट आणि चार महिन्यांपर्यंतचा पगार विम्यातून मिळतो. पण निशाणाच्या देशाने तो करार मान्य केलेला हवा आणि विम्याचा दाखला जहाजावर लावलेला हवा. बघ, फिरून निशाणावरच आलो. एजंटचा आरपीएसएल नंबर, म्हणजे खलाशी भरतीच्या परवान्याचा नंबर, डीजी शिपिंग या सरकारी खात्याच्या साइटवर तपास. ‘सर्व्हिस चार्ज’ मागितला तर उठून ये. खलाशाकडून पैसे घेणं बेकायदा आहे.

आईशी मी बोलतो. तू सकाळी दहाच्या आत आयएमओ नंबर मागून मला पाठव, आणि तो द्यायला एजंट काचकूच करायला लागला तर तेही कळव.

तुझा,
काका