जर्मन कपमधला एकच जुना सामना बघायचा तर कोणता, आणि त्यातल्या खेळाडूंचं पुढे काय झालं?

तुम्ही लिहिलंय की बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची अव्वल लीग, तुम्ही नियमित बघता, पण डीएफबी पोकलचा, म्हणजे जर्मन कपचा इतिहास फारसा ठाऊक नाही. एकच जुना सामना सुचवा, आणि त्यातल्या खेळाडूंची पुढची वाटचालही सांगा, असं तुमचं म्हणणं आहे.

मी क्षणाचाही विचार न करता २ मे १९८४ चा शाल्के विरुद्ध बायर्न म्युनिक हा उपांत्य सामना सांगेन. गेल्सनकिर्शेनचं पार्कस्टेडियन, सुमारे ७० हजार प्रेक्षक आणि जादा वेळेनंतर निकाल ६-६. विशेष म्हणजे या सामन्यातून कुणीच अंतिम फेरीत गेलं नाही. त्या काळी जादा वेळेतही बरोबरी झाली तर पेनल्टी शूटआउट होत नसे, दुसऱ्या संघाच्या मैदानावर सामना पुन्हा खेळवला जाई. आठवड्याने म्युनिकमध्ये तो झाला आणि बायर्नने ३-२ असा जिंकला. म्हणजे बारा गोलांनी तांत्रिकदृष्ट्या काहीच ठरलं नाही. तरी आज चाळीस वर्षांनंतर शाल्केच्या चाहत्यांना तो फेरसामना क्वचितच आठवतो, ६-६ मात्र सगळ्यांच्या तोंडी असतो.

आधी शाल्केची त्या वेळची अवस्था समजून घ्यायला हवी. सात वेळा जर्मन विजेता झालेला हा क्लब, पण शेवटचं विजेतेपद १९५८ चं. १९८१ मध्ये इतिहासात प्रथमच बुंडेसलिगातून खाली घसरला, पुढच्या वर्षी वर आला आणि १९८३ मध्ये पुन्हा घसरला. म्हणजे या सामन्याच्या वेळी शाल्के दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. शाल्केचं गेल्सनकिर्शेन ज्या रूर भागात आहे, तो सगळा पट्टा कोळशाच्या खाणींचा. खाणी एकामागून एक बंद होत होत्या आणि क्लब हीच शहराची ओळख उरली होती. गिरण्या बंद पडतानाचं गिरणगाव ज्यांनी पाहिलंय त्यांना ही मनःस्थिती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. समोर प्रशिक्षक उडो लाटेक यांचा बायर्न. त्यात युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ओर पुरस्कार दोनदा जिंकलेला कार्ल-हाइन्झ रुमेनिगे, डेन्मार्कचा सोरेन लेर्बी, बचावात क्लाउस आउगेनथालर आणि गोलमध्ये बेल्जियमचा जाँ-मारी फाफ.

पहिल्या बारा मिनिटांत सगळं अपेक्षेप्रमाणे झालं. तिसऱ्या मिनिटाला रुमेनिगेचा गोल, बाराव्याला राइनहोल्ड माथीचा. ०-२. लगेच पुढच्या मिनिटाला थॉमस क्रूझने एक गोल फेडला आणि १९ व्या मिनिटाला ओलाफ थोन नावाच्या पोराने बरोबरी साधली. पोरगा म्हणतोय, कारण आदल्याच दिवशी तो अठरा वर्षांचा झाला होता. मिनिटभरात रुमेनिगेचा धाकटा भाऊ मिषाएल याने बायर्नला पुन्हा पुढे नेलं. वीस मिनिटांत पाच गोल!

मध्यंतरानंतर ६१ व्या मिनिटाला थोनचा दुसरा गोल, ३-३. ७२ व्या मिनिटाला पेटर श्टिशलरने शाल्केला त्या रात्री पहिल्यांदा आणि एकदाच आघाडी मिळवून दिली. दुसऱ्या श्रेणीतला संघ बायर्नवर ४-३ ने पुढे. आठ मिनिटांनी मिषाएल रुमेनिगेने तीही पुसून टाकली.

जादा वेळेची पहिली वीसेक मिनिटं कोरडी गेली. पाय जड झाले होते, आता फेरसामनाच होणार असं वाटत होतं. मग ११२ व्या मिनिटाला बायर्नच्या डीटर होनेसने ४-५ केलं. ११५ व्या मिनिटाला शाल्केच्या बेर्नार्ड डीट्झने ५-५. ११८ व्या मिनिटाला पुन्हा होनेस, ५-६. बायर्नसारखा संघ दोन मिनिटांसाठी आघाडी सोडत नाही, हे मैदानातल्या प्रत्येकाला माहीत होतं. आणि १२० मिनिटं उलटून गेल्यावर, अगदी शेवटच्या क्षणांत, चेंडू पेनल्टी क्षेत्रात थोनच्या डाव्या पायावर आला. ६-६. त्याची हॅटट्रिक. लोकांनी मैदानात घुसून त्याला खांद्यावर उचललं. सामन्यानंतर त्याने मोकळेपणाने सांगूनही टाकलं की लहानपणापासून आपण बायर्नचे चाहते आहोत. गेल्सनकिर्शेनमध्ये जन्मलेला मुलगा बायर्नला तीन गोल मारून हे सांगतो, यातच त्याचं वय दिसतं.

इथपर्यंतची गोष्ट जर्मन फुटबॉलच्या कुठल्याही चाहत्याकडून ऐकायला मिळेल. हा सामना ‘थोनची रात्र’ म्हणूनच सांगितला जातो. मला मात्र तो वेगळ्या कारणासाठी आवडतो. एकाच हिरवळीवर, त्या दोन तासांत, कारकिर्दीच्या प्रत्येक टप्प्यावरचा माणूस उभा होता. कुणी उंबरठ्यावर, कुणी शिखरावर, कुणी निरोपाच्या तयारीत. तुम्ही पुढच्या वाटचालीबद्दल विचारलंत म्हणून मला जास्तच आनंद झाला, कारण हा सामना खरा उलगडतो तो त्यातूनच.

सुरुवात डीट्झपासून करतो, कारण त्याचं नाव सगळ्यात कमी घेतलं जातं. ५-५ चा गोल करणारा हा बचावपटू तेव्हा ३६ वर्षांचा होता. ऐन उमेदीची बारा वर्षं तो ड्युइसबुर्गकडून खेळला. मोठ्या क्लबात गेला नाही, त्यामुळे लीगचं विजेतेपद नशिबी आलं नाही. पण बचावपटू असून बुंडेसलिगात त्याच्या नावावर ७७ गोल आहेत! १९७७ मध्ये ड्युइसबुर्गने बायर्नला ६-३ ने हरवलं तेव्हा त्यातले चार गोल एकट्या डीट्झचे होते. म्हणजे बायर्नला त्याची ओळख आधीच झालेली होती. १९८० च्या युरो स्पर्धेत तो पश्चिम जर्मनीचा कर्णधार होता आणि रोममध्ये बेल्जियमला २-१ ने हरवून त्याने चषक उचलला. आता गंमत बघा. त्या अंतिम सामन्यात होर्स्ट ह्रुबेशने शेवटच्या मिनिटांत जो विजयी गोल केला, त्याचा कॉर्नर घेतला होता कार्ल-हाइन्झ रुमेनिगेने. समोर बेल्जियमच्या गोलमध्ये होता फाफ. जर्मनीच्या राखीव गोलरक्षकांत एक होता वाल्टर युंगहान्स, तो तेव्हा बायर्नचा होता, आणि १९८४ च्या त्या रात्री शाल्केच्या गोलमध्ये उभा राहून आपल्या जुन्या सोबत्यांचे फटके झेलत होता. चार वर्षांत सगळे मोहरे पटावर इकडचे तिकडे झाले होते.

ड्युइसबुर्ग १९८२ मध्ये घसरल्यावर डीट्झ शाल्केत आला, आणि वर्षभरात शाल्केही घसरला. युरोपचा विजेता कर्णधार, वय ३५, दुसऱ्या श्रेणीत. सहज निवृत्त होता आला असता, कुणी बोट दाखवलं नसतं. तो तिथेच राहिला, संघाला घेऊन वर आला आणि १९८७ पर्यंत खेळत राहिला. पुढे प्रशिक्षक झाला, बोखुमला आणि आपल्या ड्युइसबुर्गलाही. ड्युइसबुर्गच्या मैदानावर नाचणाऱ्या झेब्रा शुभंकराचं नाव ‘एनात्झ’ आहे, ते डीट्झच्याच टोपणनावावरून. माझ्या मते ११५ व्या मिनिटाचा त्याचा गोल थोनच्या शेवटच्या गोलाइतकाच मोलाचा आहे. तो झाला नसता तर थोनला बरोबरी साधायची संधीच उरली नसती.

थोनची कारकीर्द त्या रात्रीनंतर वाऱ्यासारखी धावली. शाल्के त्याच मोसमात बुंडेसलिगात परतला आणि डिसेंबर १९८४ मध्ये माल्टाविरुद्ध तो राष्ट्रीय संघात आला. तोवर तो अठराचाच होता. १९८८ मध्ये शाल्के पुन्हा घसरला तेव्हा ज्या क्लबावर लहानपणी जीव होता त्या बायर्नकडे तो गेला. तिथे तीन लीग विजेतेपदं मिळाली. १९९० च्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्धच्या शूटआउटमध्ये जर्मनीची चौथी पेनल्टी त्याने शांतपणे मारली. क्रिस वॉडलचा फटका वरून गेला हे सगळ्यांना आठवतं, पण त्याच्या आधी थोनने गोल केला होता म्हणून तो चुकलेला फटका निर्णायक ठरला. दुखापतींनी त्याला बराच त्रास दिला. १९९४ मध्ये तो घरी, शाल्केत परतला. आता आक्रमक मध्यरक्षक नव्हे, तर सगळ्यात मागून खेळ रचणारा लिबेरो म्हणून. आणि २१ मे १९९७ ला मिलानमध्ये इंटरला पेनल्टींवर हरवून शाल्केने यूएफा कप जिंकला, त्यात थोननेही आपली पेनल्टी गोलमध्ये घातली. १९९८ च्या विश्वचषकातही तो खेळला, ३२ व्या वर्षी. १९८४ च्या चित्रफितीतला तो हडकुळा मुलगा आणि १९९७ चा हा लिबेरो एकापाठोपाठ एक बघा, एकाच माणसाच्या दोन कारकिर्दी वाटतात.

त्या इंटरचं नाव १९८४ शीही जोडलेलं आहे. थोरला रुमेनिगे तेव्हा २८ वर्षांचा, खेळाच्या ऐन भरात. त्या मोसमात बुंडेसलिगात २६ गोल करून तो सर्वाधिक गोल करणारा ठरला. आणि उन्हाळ्यात तो इंटर मिलानला गेला. इटलीत तीन मोसम काढले, पण दुखापती पाठ सोडत नव्हत्या आणि लीगचं विजेतेपद तिथे मिळालं नाही. शेवटची वर्षं जिनिव्हाच्या सर्व्हेट क्लबात गेली. म्हणून मला त्या रात्रीचा रुमेनिगे बघताना हुरहूर लागते. क्लबपातळीवर त्याचा सर्वोत्तम काळ संपायला काही आठवडेच उरले होते. नंतर बायर्नच्या कारभारात तो दीर्घकाळ सर्वोच्च पदावर राहिला, पण तो वेगळा विषय आहे.

डीटर होनेसबद्दल थोडक्यात. थोरला भाऊ उली तेव्हा बायर्नचा व्यवस्थापक होता, त्यामुळे डीटरकडे कायम ‘उलीचा भाऊ’ म्हणून बघितलं गेलं, हे मला अन्यायाचं वाटतं. १९८२ च्या कप अंतिम सामन्यात डोकं फुटल्यावर पांढरी पट्टी गुंडाळून तो खेळला आणि त्याच डोक्याने न्युर्नबर्गविरुद्ध ४-२ चा गोल केला. १९८६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात बदली खेळाडू म्हणून उतरला. पुढे बर्लिनच्या हेर्टा क्लबाचा कारभार त्याने अनेक वर्षं सांभाळला.

उरला मिषाएल रुमेनिगे, आणि त्याच्यासाठी अंतिम सामन्यापर्यंत जावं लागतं. ३१ मे १९८४, फ्रँकफर्ट, बायर्न विरुद्ध बोरुसिया म्योन्शेनग्लाडबाख. फ्रांक मिलचा गोल, ८२ व्या मिनिटाला वोल्फगांग ड्रेमलरची बरोबरी, १-१. हा निर्णायक सामना असल्याने शूटआउट, आणि पेनल्टींवर निकाल लागलेला हा पहिलाच जर्मन कप अंतिम सामना. ग्लाडबाखची पहिली पेनल्टी मारायला आला लोथार माथेउस. त्याचं बायर्नला जाणं आधीच ठरलेलं होतं. त्याने चेंडू बारवरून मारला. ग्लाडबाखच्या कित्येक चाहत्यांनी त्याला यासाठी कधीच माफ केलं नाही. मला हे पटत नाही. माथेउसनंतर बायर्नच्या आउगेनथालरचीही पेनल्टी अडवली गेली होती, हिशेब बरोबर झाला होता. कप हातातून गेला तो आठव्या फेरीत, नॉर्बर्ट रिंगेल्सचा फटका खांबाला लागला तेव्हा. लगेच पुढे आला वीस वर्षांचा मिषाएल रुमेनिगे. थोरल्या भावाचा बायर्नसाठीचा शेवटचा सामना, आणि धाकट्याने विजयी पेनल्टी मारली. बायर्न ७-६. नंतर मिषाएल डोर्टमुंडला गेला, तिथे १९८९ चा कप जिंकला आणि मग जपानमध्ये उरावा रेड डायमंड्सकडून खेळला.

बघताना एक सुचवतो. नुसते गोल असलेली छोटी चित्रफीत बघून थांबू नका. शक्य असेल तर जादा वेळेचा दुसरा भाग सलग बघा आणि ४-५ झाल्यावर शाल्केचे खेळाडू किती घाईने मध्यवर्तुळाकडे जातात ते पाहा. आणि मनात भूक राहिलीच तर त्याच वर्षीचा दुसरा उपांत्य सामनाही शोधा. आदल्याच दिवशी, १ मे ला, ग्लाडबाखने जादा वेळेत वेर्डर ब्रेमेनला ५-४ ने हरवलं होतं. बदली म्हणून आलेल्या हान्स-योर्ग क्रीन्सने शेवटच्या क्षणी ४-४ केलं आणि जादा वेळेत पाचवा गोलही त्यानेच मारला. दुसऱ्या दिवशी शाल्के आणि बायर्नने बारा गोल केले नसते, तर तुमच्या प्रश्नाला मी कदाचित हाच सामना सांगितला असता.