आर्मेचर बदलण्याआधी सळई उपटा

प्रश्न (गंगाखेड तालुका): ऑनलाइन मागवलेली २००० वॅटची, १६ इंची वायरवाली चेन सॉ आहे. गावात घरी बरी चालते. शेतातल्या आखाड्यावर मात्र बाभळीच्या ओंडक्यात अडकते, तापते, जळका वास येतो. तिथं बोअरच्या स्टार्टरवरून एक फेज घेतो आणि न्यूट्रल म्हणून जमिनीत सळई ठोकली आहे. वाइंडिंगवाला आर्मेचर (मोटरच्या आतला तार गुंडाळलेला फिरता भाग) बदला म्हणतो. बदलू का?

उत्तर: आधी ती सळई उपटा. सळईपाशी बादलीभर पाणी ओतलं की मशीनला जरा जोर येतो, हे तुम्हीही करून पाहिलं असणार. दुखणं तिथंच आहे. या मशीनला २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर लागतात. सळईभोवतीच्या मातीचा रोध १० ओहम धरला, तरी ७-८ अँपिअरला ७०-८० व्होल्ट मातीतच जिरतात. मशीनच्या वाट्याला दीडशे उरतात. आवाज उतरतो, आतला पंखा मंदावतो, आपण वरून आणखी रेटतो आणि वाइंडिंग भाजतं. नवं आर्मेचरही याच वाटेनं जाईल.

शिवाय मशीन चालू असताना सळईत आणि भोवतीच्या ओलीत करंट असतो. पाणी ओतायला गेलेला सालगडी असो की जवळ बांधलेली म्हैस, जीव जाऊ शकतो. व्होल्ट कमी पडतात म्हणून दोन फेज जोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. चारशेच्या वर व्होल्ट येतात आणि मशीन धूर सोडतं.

घरी नीट चालते म्हणता, म्हणजे आर्मेचर अजून जिवंत आहे. ओंडके घरी आणून कापा, नाहीतर शेतातल्या कामापुरती पेट्रोलवाली भाड्यानं आणा. घरीसुद्धा १६ अँपिअरचा सॉकेट आणि ३० मीटरपर्यंत अडीच चौरस एमएमची तांब्याची केबल वापरा, तीही वेटोळं पूर्ण उलगडून. लग्नातल्या बल्बांची बारीक वायर या कामाची नव्हे.

प्रश्न (भोकर): मध्यंतरी ठिणग्या उडत होत्या. आता बटण दाबलं तरी हूं की चूं नाही.

उत्तर: पुढच्या मुठीसमोरचा गार्ड पुढं ढकलला गेलाय का? बऱ्याच मशीनमध्ये त्यानं मोटरच बंद होते. 'कट्' आवाज येईपर्यंत मागं ओढा. एवढ्यासाठी लोक तालुक्याला येतात!

नसेल तर प्लग काढून कार्बन (आर्मेचरला घासून वीज पोचवणारे दोन छोटे ठोकळे) बघा. झिजून पाच मिलिमीटरच्या आत आले असतील तर दोन्ही बदला, एक चांगला दिसला तरी. जुना नमुना दुकानात न्या. हुबेहूब मिळाला नाही तर किंचित मोठा घेऊन पॉलिश पेपरवर घासा. होल्डरमध्ये तो सहज सरकला पाहिजे. नवे कार्बन बसूनही ठिणग्यांचं रिंगण दिसलं, तर मात्र आर्मेचर गेलं.

प्रश्न (अंबड): लिंबाचं खोड कापताना पीठ पडतं आणि काप एका अंगाला जातो. ट्रॅक्टरचं जळकं तेल वापरतो.

उत्तर: पीठ म्हणजे चेन बोथट, धार असली की कपच्या पडतात. काप कलतो, कारण एका बाजूचे दात दुसऱ्या बाजूपेक्षा झिजलेत. बहुतेक अशा चेनना ४ मिमीची गोल कानस लागते. ३० अंशात, आतून बाहेर, प्रत्येक दाताला सारखेच हात मारा. ओंडक्याची माती आधी झाडा. मातीला एकदा घासली की धार गेलीच. जळक्या तेलात धातूचा चुरा असतो, तो तेलाचा पंप आणि बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) खातो. चेन ऑइलच घाला.

प्रश्न (औसा): मोटर फिरते, चेन नाही. दुरुस्ती की नवं?

उत्तर: गार्ड मागं आहे ना? मग आतला प्लास्टिकचा गिअर झिजला असेल. गिअर मिळत असेल तर बदला, स्वस्तातलं काम आहे. गिअरसोबत आर्मेचरही गेलं आणि खर्च नव्या मशीनच्या निम्म्यावर गेला, तर पैसे घालू नका. नवं घेताना गिअर आणि कार्बन सुटे मिळतात का ते आधी विचारा. जुन्याचा बार आणि चेन मात्र भंगारात देऊ नका. पिच (कड्यांमधलं अंतर), गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी) आणि कड्यांची संख्या जुळली तर नव्याला चालतील.