बारक्या माशांचे खोरे : वाचकांचे प्रश्न

पाऊस सुरू झाला की इंदूरच्या वाचकांचे तेच ते प्रश्न येतात. म्हणून एकत्रच उत्तरे देतो.

प्रश्न : मत्स्यालयातला झेब्रा मासा अमेरिकेचा का?

नाही, आपल्याच उपखंडातला. स्कॉटिश निसर्गशास्त्रज्ञ फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले.

प्रश्न : दुकानदाराने गुलाबी-हिरवे पारदर्शक 'इम्पोर्टेड' मासे दिले. जात कोणती?

बहुधा आपल्याच नद्यांतला पारदर्शक मासा, अंगात सुईने रंग टोचलेला. ही फसवणूक आहेच, शिवाय माशाचे हाल. घेऊ नका. घेतले असतील आणि आजारी दिसले, तर पशुवैद्यांना दाखवा.

प्रश्न : केरळच्या करिमीन माशाचे भाऊबंद मादागास्करमध्ये कसे?

भारत आणि मादागास्कर हे दोन्ही भूभाग सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी विलग झाले. मासे तेव्हाच वेगळे झाले की नंतर समुद्रातून गेले, यावर अजून वाद आहे. छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विसंबू नका.

प्रश्न : आपली कान्ह नदी उत्तरेला वाहते, चोरल नदी दक्षिणेला. दोन्हींत सारखेच मासे कसे? आजी म्हणते, पक्षी अंडी नेतात.

कान्हचे पाणी क्षिप्रा, चंबळ, यमुनेतून गंगेला मिळते. चोरलचे नर्मदेतून अरबी समुद्राला. पण एखादा ओढा माथा, म्हणजे दोन खोऱ्यांमधला उंचवटा, कोरत मागे सरकतो, पलीकडचा उगम आपल्याकडे वळवतो, आणि पाण्याबरोबर मासेही खोरे बदलतात. याला फार मोठा काळ लागतो. पूर्वेचे डोंगरी मासे सातपुड्याच्या रांगेने सह्याद्रीपर्यंत पोहोचले, अशी कल्पना मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी मांडली होती. तिच्यावर पुढे बरेच आक्षेप आले. आजीचे म्हणणे अगदीच खोटे नाही : २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बदकाच्या पोटातून कार्पची अंडी जिवंत निघाली, पण हजारात दोनेक. आणि दिसायला सारखे म्हणजे एकच प्रजाती असे नव्हे. प्राणिशास्त्र विभागात दाखवून घ्या.

प्रश्न : सोसायटीच्या कुंडात डासांसाठी गंबुशिया सोडतोय. उरलेले कान्हमध्ये सोडू का?

एकही नको! हा मासा अमेरिकेचा, १९२८ साली डासांसाठीच भारतात आणलेला. अंडी न घालता थेट पिल्ले देतो, घाण पाण्यातही तगतो, आणि डासांच्या अळ्यांबरोबर स्थानिक माशांची अंडी आणि बेडकांची पिल्लेही फस्त करतो. ज्या माथ्याने युगानुयुगे दोन खोऱ्यांचे मासे वेगळे राखले, तो माथा एक बादली तासाभरात ओलांडते. मग कोणता मासा मूळचा कुठला, हे सांगायला पुरावाच उरत नाही. चोरलहून पकडलेले देशी मासेही इकडे टाकू नका. देशी असले तरी या खोऱ्याचे नाहीत. 'सगळे सोडतात' हे कारण मला ऐकवू नका. सोडून झाल्यावर विचारणारेच फार.

कुंड लहान असेल तर आठवड्याला रिकामे करून घासा. मोठे असेल तर मत्स्य विभाग आणि मलेरिया विभागाला आधी विचारा. नदीत सोडलेच असतील, तर कुठे आणि किती ते मत्स्य विभागाला आजच कळवा.