मॅडम, कॅल्क्युलेटर कोणता घेऊ?

इंजिनिअरिंग संपवून फायनान्सकडे वळू पाहणारी मुलं माझ्याकडे येतात. त्यांच्यातले बरेच जण दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत एक प्रश्न विचारतात: "फायनान्शियल कॅल्क्युलेटर घेऊ की प्रोग्रॅमेबल सायंटिफिक?" फायनान्शियल म्हणजे हप्ते-व्याजाची तयार बटणं असलेला, प्रोग्रॅमेबल म्हणजे ज्यात हिशेबाच्या पायऱ्या स्वतः लिहून ठेवता येतात. हा प्रश्न खरं तर दुकानदाराला विचारायचा. पण समुपदेशनाकडे वळण्याआधी मी अकरा वर्षं कॉमर्स शिकवलं, दोन्ही यंत्रं वापरली आणि ती अजून माझ्या टेबलाच्या खणात आहेत. म्हणून मुलांना मी हसून परत पाठवत नाही.

त्याला आपण ओंकार म्हणू. मिरजेचा, मेकॅनिकल झालेला, चाकणला नोकरी. अमेरिकेहून मामा डिसेंबरात येणार होता आणि त्यानं सांगितलं होतं, "तुझ्यासाठी एकच वस्तू आणेन, नक्की काय ते कळव." ओंकारनं एक्सेलमध्ये चौदा रकान्यांचा तक्ता केला होता. बटणं, मेमरी, बॅटरी, सगळं त्यात होतं.

"मॅडम, एकदाच घ्यायचाय. योग्यच घ्यायला पाहिजे."

मी त्याला आधी सरळ माहिती दिली. माझ्या मते समुपदेशकानं माहिती अडवून ठेवू नये. सीएफएच्या, म्हणजे गुंतवणूक विश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेला दोनच जातीची यंत्रं चालतात: टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं बीए टू प्लस आणि एचपी १२सी, त्यांच्या सुधारित आवृत्त्यांसह. टीआय-८४ सारख्या प्रोग्रॅमेबल यंत्रात हप्ते-व्याजाची सोय असते, तरी ते त्या हॉलमध्ये नेता येत नाही. गेटला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेला, स्वतःचं कोणतंच यंत्र नेता येत नाही, पडद्यावर दिलेलं वापरायचं. सीएच्या परीक्षेला बारा अंकी साधं यंत्र लागतं, म्हणजे तिथे हे दोन्ही बाद. इंजिनिअरिंगच्या बहुतेक विद्यापीठ परीक्षांत कॅसिओ एफएक्स-९९१ सारखं प्रोग्रॅम न होणारंच चालतं. गंमत म्हणजे १९८१ साली आलेलं एचपी १२सी फायनान्शियल आहे आणि प्रोग्रॅमेबलही आहे. फक्त त्यात साइन-कोसाइन नाहीत, आणि दोन अधिक तीन करायला आधी दोन, मग एंटर, मग तीन आणि शेवटी अधिक दाबावं लागतं. म्हणून ते हातात घेऊन बघितल्याशिवाय विकत घेऊ नये.

माझ्या लेखी प्रश्न इथे मिटला होता. ओंकारनं सगळं लिहून घेतलं आणि पुढच्या भेटीला सोळा रकान्यांचा तक्ता घेऊन आला.

माहितीनं जी काळजी उतरत नाही, ती माहितीच्या अभावाची नसतेच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी माणसाच्या 'पाहिजेच'कडे बोट दाखवलं. त्यांच्या वाटेनं काम करताना मी शब्दाला चिकटलेला 'च' ऐकायला शिकले. मराठीत तो एका अक्षराचा आहे, म्हणून कानाआड होतो.

"योग्यच घेतला नाही, तर?"

"पैसे वाया जातील."

"मामाचे. आणखी?"

बराच वेळ गेला. "फायनान्शियल मागवला तर घरी कळेल की मी गेट देणार नाहीये. सायंटिफिक मागवला तर मलाच कळेल की मी सीएफए करणार नाहीये."

म्हणजे तक्ता यंत्रांचा नव्हताच. मी तो बाजूला ठेवायला सांगितला आणि माझं बीए टू प्लस त्याच्या हातात दिलं. "आठवडाभर ठेव. मित्राकडून एक प्रोग्रॅमेबलही मागून घे. एकच अट: गणित पुस्तकातलं नको, घरातलं घे." वाट विचार करून सापडत नाही, चार पावलं चालल्यावर पायांना कळते, यावर माझा विश्वास आहे. त्या आठवड्यानं तो आणखी पक्का झाला.

तो आला तो बसायच्या आधीच बोलू लागला. त्याच्या बाबांनी टेम्पोसाठी तीन लाखांचं कर्ज घेतलं होतं, तीन वर्षांचं, 'दहा टक्के फ्लॅट'. हप्ता १०,८३३ रुपये.

"मी ३६ महिने टाकले, तीन लाख टाकले, हप्ता टाकला. व्याजदर विचारला तर एरर ५."

"दोन्ही रकमा अधिक टाकल्यास ना?"

"हो. तीन लाख हातात आले म्हणून अधिक, हप्ता जातो म्हणून उणे. हे सूत्रात कुणी विचारत नाही, मॅडम. इथे आधी ठरवायला लागतं, मी देणाऱ्याच्या बाजूला बसलोय की घेणाऱ्याच्या."

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं गप्प राहणं हे मला फार उशिरा जमलं, पण आता जमतं.

उणे चिन्ह दिल्यावर उत्तर आलं होतं महिना १.४९३, वर्षाला १७.९२ टक्के. फ्लॅट व्याज शेवटपर्यंत मूळ तीन लाखांवर लागतं, फिटलेलं मुद्दल त्यातून वजा होत नाही, म्हणून कागदावरचे दहा प्रत्यक्षात जवळजवळ अठरा होतात. घटत्या शिलकीवर खरोखर दहा टक्के असते तर हप्ता ९,६८० बसला असता. महिन्याला १,१५३ चा फरक.

"मग रात्री झोप लागेना," तो म्हणाला. "बटण दाबलं, उत्तर आलं, पण ते आलं कुठून? म्हणून मित्राच्या यंत्रावर प्रोग्रॅम लिहिला. दर शून्य ते पाचच्या मध्ये धरायचा, मधल्या दरानं हप्ता काढायचा, जास्त आला तर खालचा अर्धा घ्यायचा, कमी आला तर वरचा. वीस वेळा. तेच उत्तर आलं."

मला हवं होतं ते इथे दिसलं. बटण त्याला पुरत नव्हतं, आतली यंत्रणा हवी होती. म्हणजे मेकॅनिकलची चार वर्षं कुठे फेकून द्यायची नव्हती. आर्थिक प्रश्नांना तो तेच डोकं लावत होता. गेट की सीएफए ही दोन घरांची भांडणं त्याच्या मनात होती, हातांना ती ठाऊकच नव्हती. हे मी त्याला सांगितलं नाही, फक्त विचारलं, "या आठवड्यात वेळ कुठे गेला हे कळलं का तुला?"

"नाही."

"गेटचा अभ्यास करताना?"

तो हसला.

यंत्राचा निर्णय मग दोन मिनिटांत झाला. हॉलमध्ये जे चालतं तेच मागवायचं, कारण सीएफएच्या पहिल्या पातळीला १८० प्रश्नांसाठी २७० मिनिटं मिळतात, प्रश्नामागे दीड मिनिट, आणि एवढ्यात बोटांना बटणं पाठ असावी लागतात. प्रोग्रॅमिंगची हौस लॅपटॉपवर भागते. असाच पेच असलेल्यांना माझं सांगणं हेच आहे: आधी परीक्षेचा नियम वाचा, मग मागून आणलेल्या यंत्रावर आठवडाभर घरचं गणित करा. उणे चिन्हाची आणि वर्षात किती हप्ते या सेटिंगची सवय पहिल्या दिवसापासून लावा. निम्म्या चुका तिथेच होतात.

घरी बोलायचं राहिलं होतं. त्याची तयारी आम्ही एका भेटीत केली, पण ती वापरायची वेळ आली नाही. दिवाळीत त्यानं बाबांसमोर यंत्र ठेवलं. चौदा हप्ते फिटले होते, आणि तीन लाखांचे छत्तीस सारखे भाग करून बाबांनी धरलं होतं की एक लाख त्र्याऐंशी हजार राहिले. ओंकारनं उरलेले २२ हप्ते टाकले. मुद्दल निघालं सुमारे २,०१,९००.

बाबांनी चष्मा लावून आकडा दोनदा वाचला. मग आतून हप्त्यांचं पुस्तक आणलं आणि म्हणाले, "पहिल्या महिन्यापासून करून दाखव."